पेपर झाल्यावर येईल

आमच्या घरात डच सिनेमे कुठून आले, याचा दोष नवऱ्याच्या नोकरीला द्यावा लागेल. जर्मनीत एर्लांगेनला यायच्या आधी आम्ही पाच वर्षं हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला होतो. मुलीची अक्षरओळख तिथल्या शाळेत झाली, त्यामुळे तिचं डच पाण्यासारखं. माझं समजण्यापुरतं. नवऱ्याचं उत्तम आहे असं नवऱ्याचं मत आहे.

मुलगी दहा वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. तिला जर्मनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या जिन्यातली एक मुलगी दार वाजवून आत आली आणि सरळ विचारलं की तुमच्याकडे माझ्याएवढी कुणी आहे का. तुर्की घरातली मुलगी. वडील शहराच्या बसवर ड्रायव्हर, आई वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. पोरगी इतकी धीट की मला वाटलं, ही आमच्या मुखदुर्बळ मुलीला गुंडाळून ठेवील. तिनं गुंडाळलं नाही, सायकलवर घातलं. कुठल्या सिग्नलला थांबायचं, कुठल्या बाईंना कसं गंडवायचं, कुठली शिवी आईसमोर चालते, सगळं शिकवलं. वर्षभरात माझी मुलगी जर्मन बोलायला लागली आणि मराठीत उत्तर द्यायची बंद झाली. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये सांगायचं. ती मैत्रीण मात्र मला ‘काकू’ म्हणायची. तिच्या आईला माझी मुलगी ‘तेय्झे’ म्हणायची, म्हणजे मावशी.

आमच्याकडे स्टेशनजवळ एक छोटं थिएटर आहे. तिथे दर जूनमध्ये एक निवृत्त शिक्षिका मुलांसाठी परदेशी सिनेमांचा आठवडा भरवतात. लहान मुलांना खालची अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून सिनेमा मूळ भाषेत चालतो आणि मागे एक माणूस माइकवर बसून सगळ्यांचं बोलणं जर्मनमध्ये वाचतो. सगळ्यांचं म्हणजे आजोबांचंही आणि तान्ह्या पोराच्या आईचंही. अभिनय करायचा नाही, रडायचं नाही, नटापेक्षा अर्धा श्वास मागे राहायचं, एवढाच नियम. बाईंना डच सिनेमांची भारी आवड, आणि डच येणारं त्यांच्याकडे कुणी नाही. मुली तेरा वर्षांच्या असताना दोघींनी जाऊन हे काम मागून घेतलं. माझी मुलगी वहीत भाषांतर करायची, मैत्रीण माइकवर वाचायची. माझीला चारचौघांत आवाज फुटत नाही आणि तिचा आवाज जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर पोचायचा. काम चोख जमलं.

ते सिनेमे बहुतेक एकाच जातीचे. दोन पोरी किंवा दोन पोरं, चौदा-पंधरा वर्षांची. एकाचे आजी-आजोबा मोरोक्कोहून नाहीतर सुरिनामहून आलेले, दुसऱ्याचे पिढ्यान्पिढ्या त्याच गावातले. एका घरात अखंड माणसं आणि गलका, दुसऱ्या घरात सहा वाजता गुपचूप जेवण. मला ते सिनेमे आवडायला लागले, कारण त्यांत कुणी भाषण ठोकत नाही. आपल्या हिंदी सिनेमात दोन धर्मांची पोरं मित्र झाली की शेवटी एकाला मरावं लागतं किंवा गाणं म्हणावं लागतं. इथे ती आपली सायकलवरून भांडतात, आठवडाभर बोलत नाहीत, मग बोलतात. मैत्रीण म्हणायची, काकू, डच सिनेमात कुणीतरी कालव्यात पडतंच, तुम्ही फक्त वाट बघा. आणि पडायचंच हो. मग ती माइकवरून काही न बोलता आमच्या रांगेकडे बघायची आणि आम्ही दोघी आया हसायचो. पाच वर्षं दर जूनला तेय्झे आणि मी शेजारी शेजारी बसलो. वाचणारी तिची, वही माझीची.

दहावीनंतर दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. माझी गिम्नाझिउममध्ये, बारावीकडे. तिनं दंतवैद्याकडे मदतनीसाचं प्रशिक्षण धरलं. तरी संध्याकाळ एकत्र. मग एका हिवाळ्यात ती सारखी थकायला लागली. रक्ताचा आजार निघाला. आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही, ते घरात उच्चारायलाही आम्हांला महिना लागला होता. आमच्या गावात हॉस्पिटलं मोठी, इलाज चांगला, सगळे म्हणाले तरुण आहे, निघेल यातून. माझी मुलगी दर शनिवारी जायची, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुऊन. त्या वर्षीच्या सिनेमाची वही तिथेच भरत होती. मैत्रिणीचे केस गेले होते, पण आवाज होता. ती म्हणायची, जूनपर्यंत मी उठते, नाहीतर ही पोरांसमोर पुटपुटेल.

मेमध्ये मुलीचं आबिटुअर आलं. म्हणजे आपली बारावी, पण इथल्या पद्धतीची, तीन लेखी पेपर. गणिताचा तिला धसका. तिनं आपणहून फोन माझ्या हातात दिला, गणित होईपर्यंत मागितला तरी देऊ नकोस म्हणाली. मैत्रिणीनंच तिला दम दिला होता की पेपर झाल्याशिवाय इथे पाऊल टाकू नकोस. तेव्हा तिची तब्येत बरी होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तेव्हा बरी होती.

आता माझ्या माहेरची एक रीत सांगते. मी बारावीला असताना माझे मोठे मामा गेले. मला सायकल शिकवणारे, माझ्यासाठी पुण्यातल्या पुण्यात बदली मागून घेणारे मामा. माझे चार पेपर राहिले होते. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आई त्यांच्या दहाव्याला जाऊन आली आणि मला म्हणाली, लग्नाला गेले होते. शेवटच्या पेपरानंतर मला जेवायला वाढलं आणि मग सांगितलं. मी रडले, आणि माझे मार्क बघून सगळे आईला म्हणाले, बाई, धन्य तुझी. मीही तेच म्हटलं. ती रीत आहे असंही कधी वाटलं नाही. परीक्षेच्या तोंडावर पोरांना वाईट बातमी सांगायची नसते, यात विचार करण्यासारखं काय आहे?

सोमवारी सकाळी तेय्झेचा फोन आला. गणित बुधवारी होतं. तेय्झे जर्मन माझ्यासारखीच तोडून मोडून बोलते, त्यामुळे आम्ही एकमेकींना नेहमी नीट समजतो. रात्रीतून ताप चढला होता. पोरगी माझ्या मुलीला विचारत होती. येईल का, पाच मिनिटं? आज येईल का? असं तिनं विचारलं.

मुलगी आतल्या खोलीत टेबलाशी बसली होती. दार लोटलेलं होतं. तिचा कॅल्क्युलेटर टिकटिकत होता, तो मला ऐकू येत होता. हॉस्पिटल सायकलनं दहा मिनिटांवर.

आणि मी म्हणाले, “ती म्हणतेय, परवा पेपर झाल्यावर लगेच येईल.”

ती काही म्हणाली नव्हती. तिला मी विचारलंच नव्हतं. पण आम्हां बायकांना नकार स्वतःच्या तोंडानं देता येत नाही. भिशीला जायचं नसलं की ‘ह्यांना बरं नाही’, पाहुणे नको असले की ‘ह्यांना विचारून कळवते’. उभ्या आयुष्यात नवऱ्याच्या नावावर इतके नकार खपवले आहेत की बिचाऱ्याला ऐकून धक्का बसेल. त्या दिवशी मुलीच्या नावावर खपवला. जीभ अडखळलीसुद्धा नाही. तेय्झे म्हणाली, हो हो, परीक्षा महत्त्वाची, तिला म्हणावं नीट लिही.

मंगळवारी पहाटे पोरगी गेली. तेय्झेच्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला कळवलं. हा तसाच स्वयंपाकघरात आला. मग म्हणाला, आत्ता उठव तिला. मी म्हटलं, वेडा आहेस का, उद्या गणित आहे. आता जाऊन ती परत येणार आहे का? आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून कुजबुजत भांडलो. दिवसभर मी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. मुलीला खिडकीत उभी राहू दिली नाही, कारण खाली त्यांचे नातेवाईक गाड्यांतून उतरत होते. बदाम, दूध, आवडीची थालीपीठं. पुण्याला आईला फोन केला, ती म्हणाली, बरं केलंस, पेपर होऊ दे. मला तेवढाच आधार वाटला.

शेवटचा नमाज बुधवारी दुपारच्या वेळेला, मशिदीच्या अंगणात. नंतर शवपेटी न्युर्नबर्गच्या विमानतळावर आणि तिथून त्यांच्या गावी. पेपर साधारण त्याच सुमाराला सुटणार होता. नवरा म्हणाला, मी शाळेच्या फाटकाशी थांबतो, तिथूनच नेतो, थोडा वेळ तरी मिळेल. मी म्हटलं, रस्त्यात सांगणार? उपाशीपोटी? घरी येऊ दे, दोन घास खाऊ दे, मग सांगू.

दोन घास. ती खुशीत आली होती, भूमितीचं मोठं गणित सुटलं होतं. वरणभात जेवली, वर दही मागून घेतलं. मग मी सांगितलं.

तिनं ताट बाजूला सारलं आणि पायात चप्पल न घालता खाली पळाली. शेजारचा जिना चढली, दार वाजवलं. घरात एक म्हातारी आत्या होती, बाकी सगळे विमानतळावर गेले होते. मुलगी सायकल घेऊन मशिदीत गेली. अंगणात खुर्च्या आवरत होते. हे तिनं मला सांगितलं नाही. नवरा तिच्या मागे गेला होता, त्यानं सांगितलं. ती रडली नाही म्हणाला. एका माणसाला खुर्च्या उचलू लागली.

नंतर तिला फोन दिला. त्यात मैत्रिणीचा एकच निरोप होता, शनिवारचा. नवव्या पानावरचं आजोबांचं वाक्य फार लांब आहे, माझा श्वास पुरत नाही, तोड. बस.

मुलीनं मला विचारलं, तुला कधी कळलं? मी म्हटलं, मंगळवारी सकाळी. ते खरंच होतं. सोमवारच्या फोनबद्दल तिनं विचारलं नाही, कारण असा फोन आला असेल हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मीही बोलले नाही. म्हटलं, आधीच इतकं झालंय. खरं कारण एवढंच की मला भीती वाटली. ती माझ्याशी बोलत नव्हती असं नाही, मीठ दे, दार लाव, इतपत बोलायची. ‘आई’ म्हणायचं तेवढं सोडलं होतं.

जून आला. थिएटरच्या बाईंनी अगदी हळुवारपणे विचारलं की हा सिनेमा वगळू का. मुलगी म्हणाली, नाही, मी वाचते. नवरा आणि मी गेलो. तेय्झे आणि तिचा नवरा तोवर तुर्कस्तानातून परतले होते, तेही आले. काळा रुमाल बांधून तेय्झे नेहमीच्या जागी बसली, माझ्या शेजारी. माझा हात तिनं हातात घेतला. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

सिनेमा एका बंदराच्या गावातला. सुरिनामी आजोबांकडे राहणारी एक मुलगी आणि ट्यूलिपचं शेत असलेल्या घरातली एक. पहिली पोहण्याच्या शर्यतीत उतरते, दुसरी बघायला येणार असते आणि येत नाही. एवढीच गोष्ट. मुलगी वाचत होती. आवाज बारीक, पण सरळ. आजोबांचं वाक्य तिनं दोन तुकडे करून वाचलं. मग शर्यतीनंतरचा प्रसंग आला. पोहणारी मुलगी ओल्या केसांनी बाकावर बसली आहे आणि दुसरीला म्हणते, ‘तू यायला हवं होतंस.’ डचमध्ये म्हणते. जर्मनमध्ये काहीच आलं नाही.

दोघी पडद्यावर बोलत राहिल्या. समोरची लहान मुलं माना वळवून मागे बघायला लागली. अख्ख्या थिएटरात ते बोलणं आमच्या घरातल्या तिघांना कळत होतं, आणि तिघांना कळून काही उपयोग नव्हता. पाचसहा वाक्यं तशीच गेली. मग माइकवर श्वास ऐकू आला आणि तिनं पुढचं वाक्य उचललं. शेवटपर्यंत वाचलं.

बाहेर आल्यावर तेय्झेनं तिला मिठीत घेतलं, तोंड कुरवाळलं, आणि म्हणाली, “ती रागावली नव्हती हं तुझ्यावर. तू निरोप दिलास ना, पेपर झाल्यावर येते म्हणून, तो मी तिला सांगितला. म्हणाली, गणित तिला जड जातं, येऊ दे सावकाश.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तेवढ्यात तिला सगळं समजलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं तिनं, आणि तिच्याआधी मी. मी तोंडात मारल्यासारखी उभी. तिनं तेय्झेचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “मला माफ करा, तेय्झे. मी यायला हवं होतं.”

घरी जाताना बसमध्ये ती माझ्या समोर बसली. सात वर्षांनी माझ्याशी मराठीत बोलली, तीही एकेक शब्द तपासून.

“फोन कधी आला होता?”

“सोमवारी. सकाळी.”

“मी कुठे होते?”

“खोलीत. टेबलाशी.”

“आणि मी म्हणाले, पेपर झाल्यावर येते?”

नवरा आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला या फोनचा पत्ताच नव्हता. मुलगी म्हणाली, “मी तेय्झेला सांगणार नाही. तू सांग. तू केलंस.” मग खिडकीकडे तोंड फिरवलं.

निकाल लागला. गणितात पंधरापैकी चौदा. पुण्याहून फोनांवर फोन. आईनं देवापुढे पेढे ठेवले. ऑक्टोबरमध्ये मुलगी कार्ल्सरूहेला शिकायला गेली. सामान नवऱ्यानं पोचवलं, मला तिनं ये म्हटलं नाही. जाताना दारात एकदाच विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, सांगते.

सांगते म्हणायला काय जातं! मी दोनदा शेजारच्या जिन्यापर्यंत गेले आणि बेल न वाजवता पाव घेऊन परत आले. आमच्या दोन्ही जिन्यांना मिळून तळघरात कपडे धुवायची एकच खोली आहे. तेय्झेची पाळी शनिवारी सकाळी असते हे मला ठाऊक, म्हणून मी शनिवारी तिकडे फिरकतच नसे. नोकरीत मी मशीनच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून लेखी कळवते. स्वतःची एक तोंडी सांगायला आठ महिने लागले.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी मुद्दाम त्याच वेळेला खाली उतरले. तेय्झे एकटी मोठी चादर घडी करत होती, एक टोक हनुवटीखाली दाबून. मी दुसरी टोकं धरली. दोन घड्या झाल्या. तिसऱ्या घडीला आम्ही जवळ आलो तेव्हा मी सांगितलं. मुलीनं निरोप दिला नव्हता, तो मीच दिला. तिला मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ती पेपरबिपर सोडून अनवाणी पळाली असती, सायकलसुद्धा घेतली नसती. ती आली नाही असं नाही, मी येऊ दिलं नाही. मरणाची बातमीही मी दडवली, म्हणून ती शेवटच्या नमाजाला नव्हती. जर्मनमध्ये जे जमेल ते, जमेल तसं सगळं बोलले. बोलता बोलता मला रडू कोसळलं, आणि मला त्याचाही राग आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

तेय्झेनं चादर माझ्या हातातून घेतली. टोपलीत ठेवली. ती ओरडेल, निदान जा म्हणेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, “त्या संध्याकाळी तिनं मला दोनदा विचारलं. ती खरंच असं म्हणाली का, आई? मी दोन्ही वेळा सांगितलं, हो, तीच म्हणाली.” मग म्हणाली, “मला सांगितलंस, ठीक. पण हे जिला कळायला हवं होतं, तिला आता मी कसं सांगू?”

ती टोपली उचलून वर गेली.

दुपारी मुलीचा फोन आला. दर शनिवारी येतो, वडिलांसाठी. त्या दिवशी हा बाहेर गेला होता म्हणून मी उचलला. ती म्हणाली, पटकन बोल, सोमवारी पेपर आहे. मी म्हटलं, तेय्झेला सांगितलं. तिनं विचारलं, काय म्हणाल्या?

काही नाही म्हणाल्या, असं सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर होते. पेपर सोमवारी होता, आणि हे ऐकून पोरगी दोन दिवस पुस्तकाला हात लावणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेय्झे जे बोलली ते मी तिला शब्दन्‌शब्द सांगितलं. दोनदा विचारलं होतं, तेही.

ती रडायला लागली. मे महिन्यात रडली नव्हती, जूनमध्ये नव्हती, ते सगळं आता. मध्येच एकदा ‘आई गं’ म्हणाली. मला उद्देशून म्हणाली की नुसतंच म्हणाली, कोण जाणे. मी फोन कानाला लावून उभी राहिले. उगी उगी म्हणायचं धाडस मला झालं नाही.